खिळ्याविना पाच मजले

इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर सुमारे ११०० मीटर उंचीवर वाए रेबो नावाचं गाव आहे. गाडीरस्ता नाही, डोंगर चढूनच जायचं. कॉफी विकायची तर पोती खांद्यावरून खाली न्यायची!

इथली शंकूच्या आकाराची घरं, 'म्बारु नियांग', पाच मजली. पण खिळा एकही नाही. लाकडं वेताने बांधतात. खाली माणसं, वर धान्य, मग बियाणं, दुष्काळासाठीचा साठा आणि अगदी वर पूर्वजांचा नैवेद्य.

सातपैकी चारच घरं उरली होती. गावकऱ्यांनी वास्तुविशारदांच्या साथीने २०११ पर्यंत सातही उभी केली. २०१२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

ही विद्या हातातून हातात जाते. ती शिकायला पोरं गावात हवीत. पण शिक्षणासाठी तीही आपल्यासारखीच घराबाहेर राहतात.