मुलाला ‘ढ’ म्हणण्यापूर्वी



वर्गात एखादे मूल असे असते की गोष्ट ऐकली तर ती जशीच्या तशी सांगते, बाजाराचा हिशेब तोंडी करते. पण पुस्तक उघडले की अडखळते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळते. ‘कमळ’चे ‘मकळ’ लिहिते. काना, मात्रा, वेलांटी गळतात, जोडाक्षर आले की थांबते. अशा मुलाला आपण चटकन ‘ढ’ किंवा ‘आळशी’ म्हणून मोकळे होतो.

यामागे अध्ययन अक्षमता असू शकते. हा बुद्धीचा अभाव नव्हे. अक्षर आणि त्याचा ध्वनी यांची सांगड घालणे अशा मुलाच्या मेंदूला कठीण जाते. मारून, रागावून किंवा दहा वेळा लिहायला लावून ती सांगड बसत नाही.

मात्र प्रत्येक चूक म्हणजे अक्षमता नव्हे. आपल्या पेडणे भागात मूल घरी कोकणी बोलते आणि शाळेत मराठी शिकते. ‘पाणी’ हा शब्द पाहून ते ‘उदक’ म्हणाले, तर त्याला अर्थ कळला आहे हे ओळखावे. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. लिपी तीच, पण हिंदीतील ‘कवि’ मराठीत ‘कवी’ होतो, हे सवयीनेच अंगवळणी पडते. भाषेच्या अशा चुका सरावाने कमी होतात. चांगले शिकवून, सराव देऊनही वाचन पुढे सरकत नसेल, तर मात्र तपासणी हवी.

प्रथम डोळे व कान तपासावेत. वाचनातील अडचण ओळखण्यासाठी मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ ही चाचणी तयार केली असून ती मराठीतही आहे. तिच्यातील प्राथमिक चाचण्या पहिली-दुसरी व तिसरी ते पाचवीसाठी असून त्या शिक्षक घेऊ शकतात. निदान मात्र तज्ज्ञांनीच करावयाचे.

कायदा काय सांगतो? 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात 7 प्रकार होते; त्यांत अध्ययन अक्षमता नव्हती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार असून तिचा समावेश झाला. ती लवकर ओळखून योग्य उपाय करणे हे त्या कायद्याच्या कलम 16 नुसार शाळेचे कर्तव्य आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचाही त्यात उल्लेख आहे. तेव्हा ही मेहेरबानी नसून मुलाचा हक्क आहे.

वर्गात करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत :

1. मुलाला पुढच्या बाकावर बसवावे. सर्वांसमोर अचानक वाचावयास सांगू नये.
2. नवे अक्षर वाळूत किंवा पाटीवर बोटाने गिरवीत, मोठ्याने उच्चारीत शिकवावे.
3. विज्ञान, समाजशास्त्राची काही उत्तरे तोंडी घ्यावीत. तेथे ज्ञान तपासावयाचे असते, शुद्धलेखन नव्हे.
4. फळ्यावरचे सारे उतरवून घेण्याची सक्ती नसावी. शेजारच्या मित्राची वही मिळावी.

विद्यार्थ्यांनो, वाचताना अडखळणाऱ्या मित्राला हसू नका. तुमची वही द्या. त्याच्याकडून तोंडी हिशेब शिका.

काही पालक तपासणीला कचरतात. ‘कागदावर नाव लागले तर पुढे काय?’ ही त्यांची भीती आम्ही समजू शकतो. पण कागद नसला तरी मुलाला वर्गात नाव पडलेलेच असते, आणि ते अधिक वाईट असते. दहावीच्या तोंडावर धावाधाव करण्यापेक्षा तिसरी-चौथीतच पाऊल उचलावे.

विश्वस्तांना एक विनंती. पर्वरीतील ‘सेतू’सारख्या केंद्रात मुलाला न्यायचे तर रोजंदारीवरील पालकाचा एक दिवस मोडतो. त्या प्रवासखर्चासाठी शाळेने थोडी रक्कम बाजूला ठेवावी. रक्कम लहान असेल, पण तेवढ्यावाचून एखाद्या मुलाची तपासणी वर्षानुवर्षे राहून जाते.

ज्या पालकांना शंका वाटते त्यांनी वर्गशिक्षकांना किंवा आम्हाला अवश्य भेटावे. बोलणे आपल्यातच राहील.