पॅलिओला सिटीची चाके चालतील का?

प्रश्न : माझ्या फियाट पॅलिओला जुन्या होंडा सिटीची अलॉय व्हील्स बसवावीत का? गॅरेजवाले म्हणतात, मधले भोक थोडे वाढवले की चारही बोल्ट लागतात.

उत्तर : बसवू नका. बोल्ट लागणे आणि चाक बसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पॅलिओच्या बोल्टांचे वर्तुळ ९८ मिमी व्यासाचे, सिटीचे १०० मिमीचे. म्हणजे प्रत्येक भोक १ मिमी बाहेर पडते. बोल्ट ओढूनताणून आवळला जातो, पण एकाच कडेला टेकतो. चाक जागेवर धरून ठेवतो तो आवळल्याने येणारा दाब. तो असमान झाला की हादऱ्यांनी बोल्ट सैल होतात, कधी तुटतातही. त्यात होंडाच्या मूळ चाकाची बैठक गोलसर, फियाटचा बोल्ट शंकूच्या आकाराचा. दोघांचा स्पर्श जेमतेम एका रेषेवर होतो.

सरकत्या कॉलरचे बोल्ट मिळतात, असे कुणी म्हणेल. ते २ मिमीचा फरक भागवतात हे खरे. पण शंकूची कॉलर गोलसर बैठकीत बसत नाही. शिवाय ५६.१ मिमीचे मधले भोक ५८.१ मिमीच्या हबसाठी लेथवर अचूक कापावे लागते. ते जरा तिरके झाले तरी चाक थरथरते. त्यापेक्षा सिएना किंवा पेट्राची चाके शोधा आणि घेण्यापूर्वी ऑफसेट व टायरचा व्यास तपासून घ्या.