खुलभर दूध

कागल,
श्रावणी सोमवार

चि. सौ. ताईस,


परवा फोनवर म्हणालीस, "आत्या, पोराला चांगलं वळण लागेल अशी गोष्टींची पुस्तकं सुचव." सुचवीन. पण आधी माझी एक चूक ऐक.

शाळेत शिकवत असताना मी प्रत्येक गोष्टीखाली फळ्यावर 'तात्पर्य' लिहायची. चिऊ-काऊची गोष्ट झाली की 'घर पक्कं बांधावं'. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, काऊ पावसात भिजत होता, मग चिऊनं लगेच दार का उघडलं नाही?" तास संपत आला होता, मी तिला खाली बसवलं. गोष्ट खरी तिच्याच मनात शिरली होती, आणि मीच तिला गप्प केलं.

माझ्या आजीला तात्पर्य हा शब्दही ठाऊक नव्हता. श्रावणात ती सोमवारची कहाणी सांगायची. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा होता. दवंडी पिटली, सगळ्या गावानं घरातलं दूध आणून ओतलं. वासरांना नाही, पोरांना नाही. तरी गाभारा भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिनं घरची पोरं जेवू घातली होती, वासरं पाजली होती. उरलेलं खुलभर दूध तिनं वाहिलं आणि गाभारा भरला.

आजी धार काढायला बसली की एक सड रेडकासाठी राखायची. डेअरीला दूध घालायची घाई असो, दहा दिवसांच्या बिलात तोटा येवो. आजोबा कुरकुरले की म्हणायची, "त्याच्या तोंडचं काढून आपल्याला पचंल व्हय?" कहाणी आम्ही ऐकली सोप्यात, पण ती कळली गोठ्यात.

पुस्तकाइतकंच तोंडानं सांगण्याला महत्त्व दे. १८६५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर फ्रियर पुण्याहून कोल्हापूर-बेळगावकडे दौऱ्यावर गेले. सोबत त्यांची लेक मेरी आणि ॲना लिबराता डिसोझा ही आया होती. ॲनानं आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या, मेरीनं त्या उतरवून घेतल्या. १८६८ मध्ये त्यांचं 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक लंडनला निघालं. तोवर त्या गोष्टी एका आजीच्या तोंडून नातीच्या कानात आल्या होत्या, एवढंच.

तेव्हा आज रात्री दिवा मालवून ही सोमवारची कहाणी सांग. संपली की गप्प बस, "मग काय शिकलास?" असं चुकूनही विचारू नकोस. पोरगं राजाला नावं ठेवील, ठेवू दे. देवाला दूध कशाला लागतं, असंही विचारील. उत्तर नसेल तर "मलाही कळत नाही" म्हण.

आणि सकाळी घरकामाला येणाऱ्या मावशींना चहा दिलास का, तेवढं बघ. ओट्यापाशी उभं राहून पोरगं बघत असतं.

तुझी,
आत्या