हिवाळ्यात गाडी पहाटे सुरू व्हावी म्हणून

बेकरी, मासळी, भाजीपाला, फुले या धंद्यांत दिवस पहाटे चारला सुरू होतो. टेम्पो सातला निघाला तर लिलाव आटोपलेला असतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलेले असते. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, धुळे, जळगाव भागात पहाटेचा पारा अनेकदा १० अंशांच्या खाली उतरतो. निफाडला तो ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. याच दिवसांत ‘सेल्फ घेत नाही’ ही तक्रार घेऊन गॅरेजवर गर्दी होते.

दोष थंडीला दिला जातो. वास्तविक बॅटरी खराब होते ती एप्रिल-मेमध्ये. खानदेशात पारा ४५ अंशांवर जातो, बॉनेटखाली त्याहून अधिक. त्या उष्णतेने बॅटरीतील पाणी उडते व आतील प्लेटा गंजतात. पुढे पावसाळाभर इंजिन हलके फिरत असल्याने अधू बॅटरीही वेळ निभावून नेते. थंडी पडली की बॅटरीची ताकद घटते आणि ऑईल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला मात्र जास्त ताकद लागते. मग दुखणे उघडे पडते.

म्हणून तपासणी दिवाळीच्या सुमारासच करावी. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी मल्टिमीटर लावावा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरीवर भरवसा ठेवू नये. गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसले पाहिजे. जुन्या गाडीत त्याहून कमी दिसल्यास आधी अल्टरनेटर व त्याचा पट्टा पाहावा. पाण्याची बॅटरी असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे, नळाचे नव्हे. आणि बॅटरीजवळ बिडी-सिगारेट अजिबात नको, तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो.

मात्र घाईने नवी बॅटरी घेऊ नये. पुष्कळदा बॅटरी ठीक असते आणि खोट टर्मिनलवर किंवा इंजिनच्या अर्थिंगच्या पट्टीत असते. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर व दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर धरून सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजला आहे. काम दहा मिनिटांचे, खर्च किरकोळ. बॅटरी विकणे सोपे असते, म्हणून ही तपासणी बरेच जण टाळतात. जो मिस्त्री ती करून दाखवतो त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते, हे आमच्या गॅरेजवाल्या बांधवांनीही ध्यानात घ्यावे. टर्मिनल गरम पाणी व खाण्याच्या सोड्याने साफ होतात. काढताना आधी निगेटिव्ह काढावे, लावताना ते शेवटी लावावे.

डिझेल गाडीत हीटर प्लग असतील तर चावी फिरवून डॅशबोर्डावरचा हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबावे. गाडी सुरू होताना हादरत असेल व पांढरा धूर टाकत असेल तर एखादा प्लग गेलेला असण्याचा संभव आहे. अशा गाडीत ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नये. तापलेल्या प्लगवर तो भडकून इंजिन फुटू शकते. डिझेल फिल्टरमधील पाणीही काढून टाकावे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये मिनिटभर उसंत द्यावी.

ऑईल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच घ्यावे. महाराष्ट्राच्या थंडीसाठी वेगळे लागत नाही.

काश्मीर-लडाखकडे माल नेणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिकडच्या थंडीत साध्या डिझेलमधील मेण गोठून फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑईलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले. तेव्हा टाकी इकडून भरून नेण्यापेक्षा रिकामी होत आणावी व तिकडचे डिझेल भरावे. रेडिएटरमध्ये नुसते पाणी असेल तर ते गोठून ब्लॉक तडकतो. कूलंट व पाणी निम्मे-निम्मे ठेवावे. डिझेल गोठले म्हणून टाकीखाली जाळ करणारे चालकही आहेत. त्यांच्या शेजारी आपली भरलेली गाडी उभी करू नये.