संगणकातील तैनाती फौज

सकाळी संगणकाची कळ दाबावी, चहाचे आधण ठेवावे, चहा गाळून पिऊन कपबशी विसळून यावे आणि तरीही पडद्यावर पहिला शब्द उमटण्यास यंत्र राजी नसावे, हा क्रम मी त्याच्या वार्धक्याचा स्वाभाविक परिणाम मानून कित्येक महिने मुकाट्याने सोसला. सोसवेना तो पंख्याचा आवाज. मी एक अक्षरही टंकत नसता आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत असे, आणि हे दळण कोणाचे चालले आहे याचा उलगडा होत नसे.

पहिली चूक मी केली ती अधीरपणाची. वेग वाढवून देण्याची हमी देणारा एक प्रोग्रॅम फुकट मिळाला म्हणून उतरवून घेतला, तर यंत्र सुरू होताच जागे होणाऱ्या मंडळींत त्याने सर्वांआधी स्वतःचेच नाव दाखल केले! दुसरी चूक संतापाची. एका संध्याकाळी टास्क मॅनेजरमधील स्टार्टअपच्या यादीतली 14 नावे आणि जोडीला काही सेवा, कोणाचाही जाबजबाब न घेता, मी एका दमात बरतर्फ केल्या. दुसऱ्या दिवशी देवनागरी उमटेना, रोमन अक्षरेच येऊ लागली. छपाईचा हुकूम दिला तर कागद हलेना, कारण छापावयाची कागदपत्रे रांगेस लावणारी प्रिंट स्पूलर नावाची सेवाही त्या कत्तलीत सापडली होती. काय काय बंद केले याची नोंद नव्हती, त्यामुळे पूर्वस्थितीवर येण्यात एक अख्खा रविवार खर्ची पडला. पंखा मात्र पूर्ववत घरघरत होता.

तेव्हा ज्या कोणास हा उपद्रव होत असेल त्याने आधी केवळ पाहावे. लॉगिन झाल्यावर पहिली काही मिनिटे विंडोजची स्वतःचीच झाडलोट चालू असते, म्हणून दहा मिनिटे थांबून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि सीपीयू या मथळ्यावर टिचकी मारावी. सर्वाधिक खाणारा इसम आपोआप शिरोभागी येतो. माझ्या येथे एक अपरिचित नाव 25 टक्क्यांवर ठाण मांडून बसले होते. पाव हिस्सा म्हणजे फारसे नव्हे, असे मला वाटले, आणि तेथेच मी फसलो. माझ्या प्रोसेसरात चार कोअर आहेत. तेव्हा 25 टक्के याचा अर्थ एक संपूर्ण कोअर अहोरात्र राबतो आहे. खरे काम करणाऱ्याचा आकडा वरखाली होतो. जो एका जागी खिळून राहतो तो बहुधा घाण्याच्या बैलासारखा त्याच फेऱ्यात अडकलेला असतो. त्या नावावर उजवी टिचकी देऊन ओपन फाईल लोकेशन निवडले, तेव्हा जे दप्तर उघडले ते एका जुन्या प्रिंटरचे होते, आणि तो प्रिंटर तर मी दोन वर्षांपूर्वी भाच्याला देऊन टाकला होता. 1802 च्या वसईच्या तहाने बाजीरावाच्या गळ्यात तैनाती फौज पडली, तिचा खर्च पेशव्यांच्याच मुलखातून वसूल होई. येथे तर ज्याच्या दिमतीस फौज आली तो धनीही उरला नव्हता, खर्च तेवढा माझ्या खात्यावर चालू होता.

स्टार्टअपच्या यादीत हे नाव का सापडले नाही? कारण वाड्याला दरवाजे अनेक असतात. सेवांचा एक, टास्क शेड्यूलरचा एक, आणि हा गृहस्थ त्या दुसऱ्या दाराने, लॉगिन होताच जागे व्हावे अशा मुक्रर हुकुमावर येत होता. सगळी दारे एकत्र पाहण्याची सोय सिसइंटर्नल्सच्या ऑटोरन्स या विनामूल्य साधनात आहे. संशयित असा उघड सापडत नसेल तर एमएसकॉन्फिग उघडून सेवांच्या पानावर प्रथम हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस या चौकटीत खूण करावी (ही खूण विसरणे म्हणजे माझा रविवार पुन्हा भोगणे), मग उरलेल्यांतील निम्म्या बंद कराव्यात. उपद्रव थांबला तर अपराधी त्या निम्म्यांत, न थांबला तर दुसऱ्या निम्म्यांत. अशा रीतीने सोळांतून एकास हुडकण्यास चार फेऱ्या पुरतात. मात्र प्रत्येक फेरीस रीस्टार्टच करावे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनने व्यवस्था खऱ्या अर्थाने नव्याने उभी राहत नाही, डिस्कवर ठेवलेली जुनी अवस्थाच पुन्हा उचलली जाते. आणि बंद केलेले प्रत्येक नाव तारखेसह कागदावर उतरवावे, संगणकात नव्हे.

जुन्या प्रिंटरचा सगळा सरंजाम मी रीतसर अनइन्स्टॉल केला. आकडा दोन-तीन टक्क्यांवर उतरला, पंखा निवला, आणि चहा हाती येण्याच्या आत यंत्र तयार होऊ लागले. पुढे भाच्याची गाठ पडली तेव्हा त्याच्याकडे या प्रिंटरसंबंधी काही तक्रार आहे का, असे मी विचारले. तो जरा ओशाळला. म्हणाला, "मामा, खरं सांगू का, तो अजून खोक्यातच आहे, माळ्यावर."