जुना ट्रान्झिस्टर

खरे पाहता ट्रान्झिस्टर हे रेडिओचे नाव नव्हे. रेडिओच्या आत बसवलेल्या वाटाण्याएवढ्या एका भागाचे ते नाव आहे. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर तयार केला. १९५६ साली त्यांना आणि विल्यम शॉकली यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीचे रेडिओ काचेच्या व्हॉल्ववर चालत. व्हॉल्व तापल्याशिवाय आवाज येत नसे, आणि ते वीजही फार खात. ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ चार सेलवर बोलू लागला. तो शेताच्या बांधावर गेला, चहाच्या टपरीवर गेला, यंत्रमागाच्या कारखान्यातही गेला. मग लोक सबंध रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणू लागले.

ही हकिकत अशाच एका ट्रान्झिस्टरची आहे. तो माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या नानींचा होता. नाना भिवंडीत यंत्रमागावर काम करत. पन्नास वर्षांपूर्वी त्यांनी पगारातून पैसे साठवून तो घेतला होता. आता नाना नाहीत. नानींना डोळ्यांनी अक्षर दिसत नाही. नातवाने मोबाइलवर बातम्या लावून दिल्या. पण काचेवर बोट नेमके कुठे ठेवायचे, ते त्यांना कळेना. ट्रान्झिस्टरचे बटण मात्र त्यांना अंधारातही सापडे. तोच एके दिवशी बंद पडला. दुकानदार म्हणाला, "याचे पार्ट मिळत नाहीत. भंगारात द्या." मुलगा तो माझ्याकडे घेऊन आला. "सर, नानी म्हणतात, एकदा उघडून तरी पाहा."

'दुरुस्त', 'खराब', 'आवाज' हे शब्द तुम्ही घरीही रोज बोलता. त्यामुळे या पाठातील अर्धी भाषा तुमच्या ओळखीचीच आहे.

रेडिओ बंद पडला की आतले काहीतरी मोठे जळाले असेल, असे आपल्याला वाटते. बहुतेक वेळा तसे नसते. आधी कान लावून ऐकावे. बारीक खरखर येत असेल, तर वीज आत पोहोचते आहे आणि दोष पुढे कुठेतरी आहे. या संचात खरखरही नव्हती. म्हणजे वीजच पोहोचत नव्हती. नळाला पाणी आले नाही, तर आपण आधी टाकी पाहतो, मग पाइप आणि शेवटी नळ. येथेही सेलपासून निघून एकेक पाऊल पुढे जायचे होते.

सेल नवे होते. प्रत्येकी दीड व्होल्टचे चार सेल, एकूण ६ व्होल्ट. पण सेलच्या खणातील स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर साचला होता. त्याचे कारण मुलानेच सांगितले. नानी चार महिने गावी होत्या आणि जुने सेल आतच राहिले होते. साध्या सेलचे बाहेरचे डबे जस्ताचे असते. सेल वापरताना ते जस्त झिजते, आणि सेल नुसता पडून राहिला तरी हळूहळू झिजतच असते. शेवटी डबीला भोक पडते आणि आतला ओलावा बाहेर येतो. तोच धातूला खातो. आम्ही काचकागदाने स्प्रिंग घासली, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसली आणि कोरडी केली. आता मल्टीमीटर तेथे पूर्ण ६ व्होल्ट दाखवू लागला.

तरीही रेडिओ गप्पच.

मग मीटरचे एक टोक सेलच्या धन बाजूच्या पट्टीवर ठेवले आणि दुसरे स्विचच्या टोकाला लावले. काटा हललाच नाही. स्प्रिंगपाशी वीज आहे, स्विचपाशी नाही. दोघांच्या मध्ये फक्त एक काळी तार होती, आणि ती दिसायला अगदी धडधाकट! मुलाला ते पटेना. तारेचे प्लॅस्टिक सोलले तेव्हा आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी निघाली. स्प्रिंगवरचा ओलावा प्लॅस्टिकच्या आतून तारेत शिरला होता. दुकानदाराला जो 'पार्ट' मिळत नव्हता, तो हा वीतभर तारेचा तुकडा होता. नवी तार कथलाचा डाग देऊन जोडली. स्विचमध्येही मळ बसला होता. त्यात साफ करायचा स्प्रे मारून तो वीस-पंचवीस वेळा चालू-बंद केला.

आता आवाज आला. पण मोटारीसारखा फटफट फटफट. विजेच्या वाटेवर एक कंडेन्सर असतो. तो टाकीसारखा थोडी वीज साठवतो आणि कमी-जास्त झाली की सांभाळून घेतो. जुना कंडेन्सर आतून सुकतो. तो बदलताना एक खुबी लक्षात ठेवावी लागते. त्या काळच्या पुष्कळ संचांत जर्मेनिअमचे ट्रान्झिस्टर असत आणि सेलची धन बाजू सर्व भागांना समान जोडलेली असे. आजच्या संचांत सहसा ऋण बाजू तशी जोडतात. सवयीने उलटा कंडेन्सर बसवला तर तो खराब होतो. म्हणून जुना काढण्याआधी त्याची दिशा कागदावर काढून घेतली आणि मगच १०० मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर बसवला.

हे सर्व ६ व्होल्टचे काम होते, म्हणून मुलाला मी ते करू दिले. व्हॉल्वचा रेडिओ तुम्ही कधीही उघडू नका. त्यात दोनशे व्होल्टहून अधिक वीज असू शकते, आणि प्लग काढल्यावरही ती काही वेळ कंडेन्सरमध्ये राहते.

संध्याकाळी काटा फिरवला तेव्हा मिडियम वेव्हवर दूरचे एक केंद्र स्पष्ट लागले. रात्री या लहरी आकाशातील उंच थरावरून परत येतात, म्हणून दिवसा न ऐकू येणारी केंद्रेही तेव्हा मिळतात.

दुसऱ्या दिवशी मुलगा सांगत आला, "सर, डायलचा दिवा मात्र लागत नाही. तोही बसवायचा का?" मी म्हणालो, "नानींना विचारून ये."

नानींचा निरोप आला : "दिवा नको. सेल लवकर संपतात."

स्वाध्याय
१. रेडिओतून खरखरही येत नव्हती. यावरून काय कळले?
२. काळी तार बाहेरून चांगली दिसत असूनही वीज पुढे का जात नव्हती?
३. नानींना मोबाइलपेक्षा ट्रान्झिस्टर सोयीचा का वाटे?
४. तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू कशी दुरुस्त झाली, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.