चॅटबॉट प्रोग्रामिंगसाठी लिनक्सची तयारी

चॅटबॉटचा प्रोग्राम लॅपटॉपवर लिहिला जात असला, तरी पुढे तो रात्रंदिवस चालतो तो एखाद्या दूरच्या सर्व्हरवर आणि असे बहुतेक सर्व्हर लिनक्स या संगणक प्रणालीवर चालतात. त्यामुळे या क्षेत्रात उतरणाऱ्या विद्यार्थ्याने सरावही लिनक्सवरच केलेला बरा. घरी नीट चालणारा बॉट सर्व्हरवर गेल्यावर अडतो, त्याचे कारण पुष्कळदा या दोन ठिकाणच्या वातावरणातल्या फरकात असते.

पालकांची पहिली चिंता खर्चाची असते. उबुंटू ही लिनक्सची लोकप्रिय आवृत्ती मोफत मिळते. तिच्या डेस्कटॉपला किमान 25 जीबी जागा लागते. 8 जीबी रॅम असल्यास काम सुखाने होते. महागड्या ग्राफिक्स कार्डाची सुरुवातीला गरज नाही. मोठे भाषा-मॉडेल वापरणारा बॉटही सहसा प्रश्न इंटरनेटवरून दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवतो आणि उत्तर आणतो. मॉडेल स्वतःच्याच यंत्रावर चालवायचे किंवा घडवायचे असेल, तेव्हा त्या कार्डाचा विचार करावा. उबुंटूची दर दोन वर्षांनी येणारी एलटीएस आवृत्ती घ्यावी, कारण तिला पाच वर्षे सुधारणा मिळतात. घरात एकच संगणक असून त्यावर विंडोज असेल, तर डब्ल्यूएसएल या सोयीने विंडोजच्या आतच लिनक्स चालवता येते. हार्ड डिस्कचे भाग पाडून दोन्ही प्रणाली ठेवायच्या असतील, तर घरातले फोटो आणि कागदपत्रे आधी दुसरीकडे उतरवून घ्यावीत.

बॉट लिहिण्यासाठी लागणारी पायथॉन ही भाषा उबुंटूसोबतच येते. पण ती प्रणालीलाही स्वतःच्या कामासाठी लागते. म्हणून उबुंटूच्या नव्या आवृत्त्या तिच्यात बाहेरची पॅकेजेस थेट भरू देत नाहीत. तिथे घाईने जबरदस्तीचा पर्याय वापरू नये. प्रत्येक प्रकल्पासाठी पायथॉनच्या व्हेन्व्ह या साधनाने वेगळे आभासी वातावरण तयार करावे आणि लागणाऱ्या पॅकेजेसची आवृत्तीसह यादी एका फाइलमध्ये ठेवावी. तीच यादी सर्व्हरवर नेली की तेच वातावरण तिथे उभे राहते. कोडमधल्या बदलांची नोंद गिट हे साधन ठेवते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीच 2005 मध्ये ते लिहिले.

पहिला बॉट टेलिग्रामवर करणे सोपे पडते. तिथल्या बॉटफादर या अधिकृत बॉटकडून एक टोकन, म्हणजे गुप्त किल्ली, मिळते, आणि ज्याच्या हाती टोकन त्याच्या हाती बॉट. ते कोडमध्ये न लिहिता वेगळ्या फाइलमध्ये ठेवावे आणि ती फाइल गिटमधून वगळावी. चुकून उघड झाले, तर लगेच रद्द करून नवे घ्यावे. घरच्या सरावाला पोलिंगची पद्धत पुरते, कारण तिच्यात बॉट स्वतःच टेलिग्रामला नवे संदेश विचारत राहतो. वेबहूक या दुसऱ्या पद्धतीला इंटरनेटवरचा सुरक्षित पत्ता लागतो; ते पुढचे पाऊल.

मराठी बॉटची खरी परीक्षा मात्र अक्षरांपाशी होते, आणि मराठी विद्यार्थ्याने इथे थांबून विचार करावा. महाविद्यालयाच्या प्रवेशाची माहिती देणाऱ्या बॉटला कोणी ‘ॲडमिशन’ लिहून विचारेल, कोणी ‘अॅडमिशन’. डोळ्याला शब्द एकच. पण पहिल्यात ‘ॲ’ हे युनिकोड या संगणकीय अक्षरसंचातले एक अक्षर आहे, तर दुसऱ्यात ‘अ’वर चंद्र वेगळा दिलेला आहे. संगणकाला हे दोन निराळे शब्द वाटतात आणि बॉट ‘समजले नाही’ म्हणून मोकळा होतो. ‘ऱ’सुद्धा दोन प्रकारे साठवला जातो. पायथॉनचे युनिकोडडेटा हे मॉड्यूल ‘ऱ’चे दोन प्रकार एकत्र आणते, ‘ॲ’चे आणत नाही, तो नियम स्वतः लिहावा लागतो. असे बारकावे सांभाळणारा विद्यार्थी मराठी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेला उपयोगी पडेल.

यासाठी संगणक अभियांत्रिकीचीच पदवी हवी असे नाही. बीसीएचा, पदविकेचा किंवा वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही हे शिकू शकतो. मात्र इंग्रजीतले मार्गदर्शन वाचण्याची आणि त्रुटीचा संदेश शेवटपर्यंत वाचण्याची सवय लागते. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा चालता बॉट आणि गिटमधली त्याची नोंद अधिक बोलते. म्हणून पालकांनी नवा लॅपटॉप घेण्याआधी किंवा वर्गाची मोठी फी भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला घरच्या जुन्या संगणकावर दोन-तीन महिने हे काम करू द्यावे.